खांद्यावरची हाक

पहिलीच्या वर्गाला शिकवणाऱ्या त्या बाईंना सगळी शाळा चौकशीबाई म्हणायची, आणि हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. हे नाव कुणी ठेवलं याचीही त्यांनी चौकशी केली होती. शिपायापासून संगीताच्या सरांपर्यंत सगळ्यांना विचारून झालं, कुणी कबूल होईना, तेव्हा कुठे त्यांनी ते नाव गोड मानून घेतलं.

स्वभावच तसा, त्याला कोण काय करणार? लहानपणी गजराचं घड्याळ कसं वाजतं हे बघायला त्यांनी ते उघडलं होतं; त्यानंतर ते कधी वाजलं नाही. नवरा औषधांच्या दुकानात कामाला होता. तो घरी आला की चपला काढायच्या आत प्रश्न सुरू व्हायचे. आज कोण आलं होतं? कशासाठी? खोकला कोरडा होता की कफाचा? "अगं, मी नवरा आहे की आरोपी?" तो म्हणायचा, आणि मग मुकाट्यानं उत्तरं द्यायचा. शेजारीण बाईंना येताना बघून खिडकी लावून घ्यायची, तर खिडकी का लावली हे विचारायला बाई तिच्या दारात हजर. लोकांच्या गोष्टीत नाक खुपसणं हा दुर्गुण आहे म्हणतात. असेल बुवा. पण सहा-सहा वर्षांची पोरं या दुर्गुणावर बेहद्द खूश असायची. त्या वयात सगळे नुसते सांगत असतात, विचारत कुणीच नाही.

शाळा सुटली की बाई वर्गाच्या दारात उभ्या राहायच्या आणि प्रत्येक मुलाला एक प्रश्न विचारल्याशिवाय बाहेर सोडायच्या नाहीत. पडलेल्या दाताचं काय केलंस? मांजर परत आली का? आईचा पाय आता बरा आहे? फाटकापाशी आईबाप ताटकळायचे, गाडीवाले हॉर्न वाजवून वाजवून कान किटवायचे. बाईंचं आपलं चालूच.

त्या वर्षी त्यांच्या वर्गात भिंगरी आली. घरचंच नाव ते, एका जागी ठरायची नाही म्हणून पडलेलं. शाळेतल्या पोरांनी मात्र थोड्याच दिवसांत तिला दुसरं नाव दिलं: मारकी.

कारण भिंगरी मारायची. चिमटे नाहीत, ओरबाडणं नाही, चावणं नाही. मूठ वळायची आणि खांद्यावर धपाधप दोन ठोसे. त्याला ना भांडणाचं निमित्त लागायचं, ना रुसव्याचं. एखादं मूल खाली मान घालून चित्र रंगवत बसलेलं असायचं, ही मागून यायची आणि दणका द्यायची. सगळ्यांत जास्त मार बसायचा पुटपुटीला. पुटपुटी म्हणजे वर्गातली सगळ्यांत गरीब मुलगी. इतकं हळू बोलायची की हजेरीच्या वेळी तिच्यासाठी शेजारणीला ओरडावं लागायचं. ठोसा बसला की तिचे डोळे नुसते काठोकाठ भरायचे.

"का मारलंस?" बाई विचारायच्या.

"मी नाही मारलं," भिंगरी म्हणायची.

आणि हेच बाईंना कोड्यात टाकायचं. खोटं बोलणाऱ्या पोरांची नजर त्यांनी आयुष्यभर पाहिली होती. ती जमिनीवर जाते, छताला जाते, दाराकडे जाते. ही पोरगी सरळ बाईंच्या तोंडाकडे बघत राहायची. सगळ्या वर्गानं बघितलंय, आणि ही शांतपणे म्हणते, मी नाही मारलं!

शेवटी तिच्या आईला बोलावणं गेलं. मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या खोलीत; चौकशीबाईही तिथं होत्या. आई शिवणकाम करणारी. गळ्यात टेप तशीच, कपड्यांना रंगीबेरंगी दोरे चिकटलेले. शाळेतून बोलावणं आलं की बरं काही ऐकायला मिळत नाही हे ती जाणून होती, चेहऱ्यावरून दिसतच होतं. मोठ्या बाई त्या वेळी खिडकीतून मैदानावर कुणाला तरी दटावत होत्या. आई खुर्चीवर बसली आणि एक शब्दही बोलायच्या आधी तिनं टेबलावर मूठ आपटली, दोनदा. मोठ्या बाई दचकून वळल्या.

"आमची पोर कुणाला मारत नाही," आई म्हणाली.

ती गेल्यावर मोठ्या बाई टेबलावरचा हललेला पेला जागेवर ठेवत म्हणाल्या, "कळलं ना, पोरीत हे कुठून आलंय ते?" चौकशीबाईंनी मान डोलावली. काहीही न विचारता एखादी गोष्ट मान्य करायची त्यांच्या आयुष्यातली ही बहुधा पहिलीच वेळ.

त्यानंतर पुटपुटीचे वडील आले. माणूस सभ्य, पण लेकीच्या खांद्यावरचा निळा डाग बघून आलेला. आम्ही मार खायला मुलं शाळेत पाठवत नाही, एवढंच ते बोलले आणि ते खरंच होतं. मोठ्या बाईंनी त्या दिवशी चौकशीबाईंना स्पष्ट सांगितलं, "सुट्टी लागेपर्यंत वाट बघते. फरक पडला नाही तर तिच्या आईला दुसरी शाळा बघायला सांगावं लागेल. मला एकीसाठी बाकीच्यांना पणाला लावता येत नाही." मोठ्या बाई दुष्ट नव्हत्या. त्यांना शाळा चालवायची होती.

आता काहीतरी करणं भाग होतं. शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात बाईंनी ऐकलं होतं की मूल लक्ष वेधून घ्यायला वाईट वागतं, तेव्हा लक्षच द्यायचं नाही. त्यांनी वर्गात नियम केला: भिंगरीनं मारलं की सगळ्यांनी पाठ फिरवायची. कुणी बघायचं नाही, कुणी बोलायचं नाही. पोरांना तर खेळच मिळाला. ठोसा पडला की बाईंसकट सगळा वर्ग गर्रकन भिंतीकडे तोंड करायचा.

झालं भलतंच. आधी दोन ठोसे मारून थांबणारी भिंगरी आता थांबेनाशी झाली. पाठ फिरवलेल्या पोरांच्या मागे मागे जाऊन, एकाच्या खांद्यावर, मग दुसऱ्याच्या, मग तिसऱ्याच्या, आणि प्रत्येक ठोसा आधीच्यापेक्षा जोरात. शेवटी ती रडत रडत मारायची. मारणाराच रडतोय, असं कधी कुणी पाहिलंय का?

"औषध दिलं आणि ताप चढला," बाईंनी जेवताना नवऱ्याला सांगितलं. "असं कधी होतं?"

"होतं की," तो ताटातून मान वर न करता म्हणाला. "डोस चुकला असेल. नाहीतर रोगच दुसरा असेल."

रोगच दुसरा असेल! बाईंचा घास हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्या भिंगरीच्या घरी निघाल्या. नुसतं जाऊन कसं चालेल? शाळेची बाई दारात आली की कुणालाही वाटतं, तक्रारच आली. काही निमित्त हवं. वर्गाच्या पडद्याची शिवण थोडी उसवलेली होती. बाईंनी इकडे तिकडे बघून ती आणखी हातभर उसवली आणि पडदा पिशवीत भरला.

रस्त्यालगतची खोली, तेच दुकान. खिळ्यांना लटकवलेल्या चेनी, कोपऱ्यात चिंध्यांचा ढीग, मशिनचा खडखडाट. आईनं बाईंना बघितलं आणि पायडलवरचा पाय तसाच राहिला.

"आता काय केलं तिनं?"

"काही नाही हो ताई. पडदा आणलाय शिवायला."

आईचा यावर काडीचा विश्वास बसला नाही. तिनं पडदा घेतला, शिवण पाहिली, हे असं आपोआप उसवत नाही हेही तिला कळलं असणार. तिनं पडदा घडी करून बाजूला ठेवला. दाराच्या उजेडात एक म्हातारे गृहस्थ जुन्या कोटाची शिवण ब्लेडनं उसवत बसले होते. आईचे वडील ते, भिंगरीचे आबा. आणि त्यांच्या शेजारी बुटक्या स्टुलावर भिंगरी. तिनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते. बाईंनी तिला इतकं स्थिर बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"शिस्त लावलीये," आई म्हणाली. सूर ताठ होता, पण आतून दुखावलेला. "तुम्ही सांगितल्यापासून घरातही हात उचलायचा नाही म्हणून बजावलंय. वडील ट्रकवर असतात, आठवडा आठवडा घरी नसतात. पोर बिघडली तर लोक मलाच बोलणार."

बाईंच्या तोंडात प्रश्नांची रांग लागली होती. पण त्यांनी पहिला विचारायच्या आत आबांनीच मान वर केली.

"शाळेच्या बाई का?" आबांचा आवाज एवढा मोठा की बाई एक पाऊल मागे सरकल्या. "बरं झालं आलात! काय केलंत हिला शाळेत? पोरगी माझ्याशी बोलेनाशी झाली."

आईनं मशिन थांबवलं, वडिलांच्या समोर गेली आणि एकेक शब्द ओठांनी घडवत म्हणाली, "बोलते की, आबा!"

"कुठे बोलते? बोलावतच नाही मला!" आणि आबांनी मूठ वळून स्वतःच्याच खांद्यावर दोन दणके दिले. "इथं! इथं वाजवल्याशिवाय मला कसं कळणार, कुणी बोलतंय ते?"

मग त्यांनी बाईंना सगळं सांगितलं. उमेदीची सगळी वर्षं पत्र्याचे डबे बनवायच्या कारखान्यात गेली. ठोकणाऱ्या यंत्रांच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू यायचं नाही. अंगावर जाड चामड्याचा कोट. बोलायचं असलं की मुठीनं खांद्यावर दोन ठोसे. माणूस वळला की त्याच्या तोंडासमोर तोंड नेऊन बोलायचं. सगळा कारखाना असाच बोलायचा. कान तिथेच गेले, आणि ती रीत त्यांच्याबरोबर घरी आली. लेक तशीच वाढली, नात तशीच वाढली. या घरात बोलणं सुरूच तिथून व्हायचं.

बाई ऐकत होत्या आणि त्यांना मोठ्या बाईंचं ते टेबल दिसत होतं.

"ताई, त्या दिवशी शाळेत तुम्ही टेबलावर..."

"मोठ्या बाई खिडकीबाहेर बघत होत्या ना," आई म्हणाली. "मला बोलायचं होतं." आणि बोलता बोलता तिचा हात तोंडावर गेला. तिलाही आत्ताच कळलं होतं. जे रोज घडतं ते कुणाच्या डोळ्यांना दिसतं?

भिंगरी आईकडे बघत होती. हात अजून मांड्यांखालीच. आईनं मान हलवली, हो म्हणून. एक हात बाहेर आला, मूठ वळली, आणि आबांच्या खांद्यावर धपाधप दोन ठोसे बसले.

आबा वळले. नुसती मान नाही, अख्खा माणूस वळला. भुवया वर, तोंड उघडं, हातातला कोट खाली. आता ही काय सांगते, काय सांगते, असा सगळा चेहरा. तो चेहरा मिळणार असेल तर कुणीही ठोसे मारील, असं बाईंना वाटलं.

आणि साठवून ठेवलेलं सगळं बाहेर पडू लागलं. पुटपुटीचा दात हलतो. पुटपुटी हळू बोलते, पण भिंगरीला तिचं सगळं कळतं, ओठांकडे बघून. तिच्याशी मैत्री करायची आहे. "पण आबा," ती तोंड मोठं मोठं करून म्हणाली, प्रत्येक शब्द बाईंनाही दिसत होता, "आमच्या वर्गात आता सगळ्यांचेच कान गेलेत. मी किती जोरात बोलावते, तरी सगळे पाठ करून उभे राहतात. बाईंचे पण गेलेत."

चौकशीबाईंना त्या खोलीतून उठून जावंसं वाटलं. फार वाईट वाटलं त्यांना, डोळेच भरून आले. एवढी चौकस बाई, आणि एक लेकरू रोज दार ठोठावतंय हे त्यांना दिसलं नाही. वर, दार घट्ट लावून घ्या म्हणून त्यांनीच सगळ्या वर्गाला शिकवलं.

"मग आता काय करायचं?" आईनं विचारलं. "शाळेत हात उचलायचा नाही आणि घरी उचलायचा, हे पोरीच्या डोक्यात शिरणार कसं?"

बाईंचं भांडवल सगळं प्रश्नांचं. आबा दोघींच्या ओठांकडे आळीपाळीनं बघत होते.

"हलका हात ठेवला तरी कळतं मला," ते म्हणाले. "कान गेलेत, कातडी नाही गेली. चामड्याचा कोट घालून का बसलोय मी घरात?"

आई त्यांच्यासमोर येऊन बसली. "मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत, आबा?"

"कुणी विचारलं?" आबा म्हणाले.

तिथंच मशिनशेजारी बसून तिघांनी मिळून ठरवलं. उघडा हात खांद्यावर ठेवायचा आणि समोरचा वळेपर्यंत थांबायचं. घरी तेच, शाळेत तेच. आबांना तेच, पुटपुटीलाही तेच. आणि दुसरी बाजू बाईंनी स्वतः जोडली: ज्याच्या खांद्यावर हात पडेल त्यानं वळून बघायचंच.

मोठ्या बाईंना हे पटवताना बाईंचा घसा कोरडा पडला. "हात उचलते एक पोरगी, आणि शिकवायचं सगळ्या वर्गाला?" त्या म्हणाल्या.

"तिनं एकटीनं मूठ उघडून काय होणार? कुणी वळलंच नाही, तर ती पुन्हा मिटेल."

"बरं, करून बघा," मोठ्या बाई म्हणाल्या. सुट्टीची मुदत मात्र त्यांनी हलवली नाही.

एके सकाळी आबा वर्गात आले. पोरांच्या बुटक्या खुर्चीवर बसले, गुडघे पार हनुवटीपर्यंत. वर्गाकडे पाठ करून त्यांनी सांगितलं, आता बोलवा मला. पोरं ओरडली, टाळ्या पिटल्या, बाकं वाजवली. आबा ढिम्म. मग एकेकानं येऊन खांद्यावर हात ठेवला, आणि दर वेळी आबा तोच चेहरा घेऊन वळले, जणू आयुष्यात पहिल्यांदाच कुणी बोलावलंय. पोरं पुन्हा पुन्हा रांगेत उभी राहिली. पुटपुटीही गेली. ती काय बोलली ते वर्गात कुणाला ऐकू आलं नाही. आबांना बरोबर कळलं. "दात? बघू, बघू!" ते गरजले.

एका सकाळीत सगळं सुरळीत होतं असं कुणी सांगितलं तर खुशाल हसा. मूठ आधी यायची, खांद्याच्या वर हवेत थांबायची, कधी उघडायची, कधी उघडायची नाही. पण आता रोज संध्याकाळी फाटकापाशी चौकशीबाई आणि भिंगरीची आई दोन शब्द बोलायच्या. काल रात्री वडील ट्रक घेऊन गेलेत, आज जरा सांभाळून घ्या, आई सांगायची. आणि त्या दिवशी मूठ उघडली नाही तर का नाही, हे बाईंना आधीच ठाऊक असायचं. आज तिनं दोघांना हळूच बोलावलं, बाई सांगायच्या. मग घरी आबांना ते कळलं की ते तिच्या पाठीवर हात फिरवायचे. आधी आई फाटकाच्या पलीकडच्या बाजूला उभी राहायची. हळूहळू ती अलीकडे येऊन उभी राहू लागली.

सुट्टी लागायचा दिवस आला. मोठ्या बाई वर्गात येऊन मागच्या बाकावर बसल्या. कशासाठी, ते चौकशीबाईंना विचारायची गरज नव्हती. त्यांचा जीव टांगणीला लागला होता. पोरं रंगीत कागद कापून चिकटवत होती. भिंगरी पार रंगून गेली होती. जीभ बाहेर, नाकाला डिंक.

पुटपुटीनं तिला लांबून हाक दिली. अर्थात ती कुणाला ऐकू गेली नाही. मग पुटपुटी उठली, भिंगरीच्या मागे गेली, क्षणभर थांबली. आणि मग त्या गरीब मुलीनं मूठ वळली आणि भिंगरीच्या खांद्यावर धपाधप दोन ठोसे दिले.

पोरांच्या कात्र्या थांबल्या. मोठ्या बाई बाकावरून अर्ध्या उठल्या. "आता हिनंही सुरू केलं?"

भिंगरी वळली. अख्खी वळली. भुवया वर, तोंड उघडं, कागद खाली पडला. हुबेहूब आबांचा चेहरा. पुटपुटीचे ओठ हलले. भिंगरी ते वाचत राहिली, मग तिनं जोरजोरात मान डोलावली, आणि दोघी एकाच खुर्चीवर दाटीवाटीनं बसल्या.

मोठ्या बाई हळूच खाली बसल्या. चौकशीबाईंकडे वळून त्यांनी विचारलं, "काय म्हणाली ती?"

"ऐकू नाही आलं."

"मग विचारा की! तुम्ही नाही तर कोण विचारणार?"

"नको," चौकशीबाई म्हणाल्या. "राहू दे त्यांचं त्यांना."

मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे जरा रोखून पाहिलं. मग उठता उठता म्हणाल्या, "सुट्टीनंतरही हा वर्ग असाच राहू दे. पुटपुटीच्या वडिलांशी मी बोलते."

शाळा सुटली. दारातले प्रश्न संपवून बाई फाटकाकडे निघाल्या. भिंगरीची आई गजाला धरून उभी होती. आजचा दिवस कसला आहे हे तिलाही माहीत होतं. बाई येताना दिसल्या तसा तिचा चेहरा उतरला.

"काही नाही हो ताई," बाई लांबूनच म्हणाल्या. "राहतेय ती इथंच. आणि तिला मैत्रीण मिळाली." एवढं सांगून त्या मागे वळल्या, फाटकाकडे सुसाट पळत येणाऱ्या दोघींना सांभाळून यायला सांगायला.

त्यांच्या खांद्यावर मुठीचे दोन ठोसे बसले. चांगलेच बसले, बाई कळवळल्या. वळून बघतात तर भिंगरीची आई. मूठ अजून वरच होती आणि बोलायचं ते काही केल्या बाहेर येत नव्हतं.

चौकशीबाईंनी काही विचारलं नाही. तिच्याकडे तोंड करून त्या उभ्या राहिल्या.